माणसाने शिकावे की यंत्राने?



देवनागरी लिपी टंकलेखनयंत्रावर बसवायची कशी, या प्रश्नावर एके काळी महाराष्ट्रात हिरिरीने वाद झाले. इंग्रजी यंत्राचे काम सव्वीस अक्षरे आणि त्यांची लहानमोठी रूपे एवढ्यावर भागत असे. आपल्याकडे स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरे आणि वर जोडाक्षरे. कळा मात्र तेवढ्याच. मग यंत्र मोठे करावे की लिपी लहान करावी? बहुतेक सुधारकांनी दुसरा मार्ग धरला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुढे मांडली; इ, उ, ए ही निराळी चिन्हे सोडून 'अ'लाच वेलांटी, उकार आणि मात्रा लावायची, अशी ती योजना. किर्लोस्कर मासिकाने ती काही काळ छापूनही दाखवली. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिसुधार परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे नेण्याची सूचना केली. लोकांच्या डोळ्यांना ती मानवली नाही आणि टिकलीही नाही.

या साऱ्या सूचनांच्या मुळाशी एक गृहीत गोष्ट होती. यंत्र हे पोलादाचे, ते वाकणार नाही. तेव्हा वाकायचे ते लिपीने आणि लिपी वापरणाऱ्या माणसाने. त्या काळच्या यंत्रांकडे पाहता हे गृहीत चुकीचे होते असे म्हणवत नाही. परंतु आज एखाद्या शाळकरी मुलाने संगणकावर आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटीची कळ दाबली, तर यंत्र ती वेलांटी आपण होऊन 'क'च्या डावीकडे काढते. लिपी होती तशीच राहिली, शिकले ते यंत्र. हे कसे घडले आणि ते घडत असताना काय हातचे निसटले, तो इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. त्याचा मुख्य भाग अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात घडला. तेव्हा प्रथम तिकडे जाऊ.

पहिली मोठी विद्युत्-गणकयंत्रे माणसाला जवळ येऊ देत नसत. फिलाडेल्फिया येथील एनिॲक हे यंत्र १९४६ च्या फेब्रुवारीत जगाला दाखवण्यात आले. गणित ते काही सेकंदांत करी. परंतु ते गणित त्याला समजावून देण्यासाठी तारा उपटून दुसरीकडे खोचाव्या लागत, शेकडो खटके फिरवावे लागत आणि यात दिवसच्या दिवस जात. हे काम सहा तरुण स्त्रिया करीत. यंत्राचा गाजावाजा झाला तेव्हा त्यांची नावे कोणी सांगितली नाहीत. पुढे कित्येक दशकांनी ती लोकांना कळली. नंतर छिद्रांकित पत्रे आणि कागदी फिती आल्या. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली सुरू झाले. त्यालाही कामे छिद्रांकित फितीवरूनच सांगितली जात. माणूस आपला प्रश्न भोके पाडून कारकुनाच्या हवाली करी आणि उत्तराची वाट पाही. एक छिद्र चुकीच्या जागी पडले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. रेशनच्या रांगेत जो उभा राहिला आहे त्याला या व्यवहाराची कल्पना निराळी द्यायला नको.

जे. सी. आर. लिक्लायडर हा मूळचा मानसशास्त्रज्ञ. १९५७ साली त्याने एक साधा उद्योग केला: आपण स्वतः विचाराचे काम करतो म्हणजे नेमके काय करतो, याची त्याने टिपणे ठेवली. तेव्हा असे आढळले की, विचारासाठी म्हणून ठेवलेल्या वेळापैकी सुमारे ८५ टक्के वेळ विचाराच्या पूर्वतयारीतच जातो. आकडे शोधणे, ते एका मापात आणणे, आलेख काढणे यांतच तो खर्ची पडतो. कोणता प्रश्न हाती घ्यावा हेदेखील बुद्धीच्या कुवतीवर नव्हे, तर किती कारकुनी झेपेल यावर ठरते. १९६० साली त्याने एक निबंध लिहून माणूस व गणकयंत्र यांच्या सहजीवनाची कल्पना मांडली. वनस्पतिशास्त्रात दोन भिन्न जीव एकमेकांच्या आधाराने वाढतात, तसे. पुढे १९६२ मध्ये तो अमेरिकन संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संस्थेत पैसा वाटण्याच्या जागेवर जाऊन बसला. कल्पना आणि तिजोरी यांची अशी गाठ क्वचितच पडते.

त्या पैशाचा काही भाग ज्या एका हट्टी गृहस्थाकडे गेला, तो आपल्या कथेचा नायक. त्याचे नाव डग्लस एंगलबार्ट. जन्म १९२५, ऑरिगन राज्यातील पोर्टलंडचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात रडारचा तंत्रज्ञ म्हणून तो फिलिपाइन्सला गेला. तेथे लेटे बेटावर रेड क्रॉसचे एक लहानसे वाचनालय होते. त्यात वनेवार बुश या शास्त्रज्ञाचा १९४५ सालचा एक निबंध त्याच्या हाती पडला. ज्ञानाचा ढीग एवढा वाढला आहे की माणसाला त्यातून वाट काढता येत नाही. म्हणून एका मेजातच हजारो पुस्तके सूक्ष्मचित्रांच्या रूपाने साठवावीत आणि एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत वाचकाने आपल्या पाऊलवाटा आखून ठेवाव्यात, असे बुशने त्यात सुचवले होते. ते मेज कधी तयार झाले नाही. निबंध मात्र त्या तरुणाच्या मनात रुतून बसला.

युद्धानंतर एंगलबार्टला चांगली नोकरी मिळाली, विवाह ठरला, आणि १९५० च्या डिसेंबरात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याच्या ध्यानात आले की आता आयुष्यात गाठायचे असे काही उरलेच नाही! इतरांना अशा वेळी झोप छान लागते. याने मात्र काही महिने विचार करून ठरवले की, जगापुढचे प्रश्न माणसांच्या आकलनापेक्षा वेगाने गुंतागुंतीचे होत आहेत. तेव्हा एकत्र बसून असे प्रश्न सोडवण्याची माणसांची शक्ती वाढवणे हेच आपले जन्माचे काम. रडारचा पडदा त्याने पाहिलेला होता. यंत्र पडद्यावर बिंदू उमटवू शकते, तर अक्षरे का उमटवू शकणार नाही, आणि माणूस त्या पडद्यापुढे बसून ती का हलवू शकणार नाही? हे तो मनाशी बोलत होता तेव्हा त्याने एकही गणकयंत्र डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

१९५७ मध्ये तो मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत आला आणि १९६२ साली त्याने आपली सारी योजना एका लांबलचक अहवालात मांडली. माणसाची बुद्धी एकट्याने काम करीत नाही, असे त्यात सांगितले आहे. तिच्यासोबत चार गोष्टी असतात: भाषा, साधने, कामाच्या पद्धती आणि या तिन्हींचे मिळालेले शिक्षण. नवे साधन आले की बाकीच्या तिघींनाही त्याच्याबरोबर बदलावे लागते. हे पटवण्यासाठी त्याने शिसपेन्सिलीला वीट बांधली आणि लिहून पाहिले! अक्षर वेडेवाकडे आले, वेग मंदावला. त्याचे म्हणणे असे की, पेन्सिली मुळातच विटेएवढ्या जड असत्या तर मनुष्यजातीचे लिखाणच निराळे झाले असते, आणि लिखाण निराळे झाले असते तर विचारही. शिक्षण हा चौथा घटक आपण विशेष ध्यानात ठेवावा. पुढे जगाने नेमका तोच गाळला.

पडद्यावरच्या शब्दाकडे बोट दाखवायचे कसे, हा पहिला व्यावहारिक प्रश्न होता. एंगलबार्टच्या एका टिपणवहीतील कल्पनेवरून त्याचा सहकारी बिल इंग्लिश याने १९६४ मध्ये लाकडाची एक डबी बनवली. तिच्या तळाशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. तार प्रथम मनगटाच्या बाजूने निघत असे आणि शेपटीसारखी दिसे. म्हणून कोणीतरी तिला 'माउस' म्हटले; कोणी, ते शेवटपर्यंत कोणाला आठवले नाही. (आपल्याकडे तिला 'मूषक' म्हणावे अशी सूचना अधूनमधून होत असते. महाभारताच्या लेखनिकाचे वाहन म्हणून नाव शोभले असते. पण लोकांच्या तोंडी माउसच बसला.)

मग परीक्षा झाली. प्रकाशलेखणी, दांडी, माउस आणि मेजाखाली गुडघ्याने हलवायची एक कळ अशी निरनिराळी साधने माणसांच्या हाती, म्हणजे हाती आणि गुडघी, देऊन वेळ व चुका मोजल्या. हा अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय झालेल्या माणसांच्या हाती माउस सर्वांत सरस ठरला. अगदी नवशिक्यांच्या बाबतीत मात्र गुडघ्याची कळ आणि प्रकाशलेखणी त्याच्यापुढे होत्या! परीक्षकांनी नवख्या माणसाचे पहिले पाच मिनिटांचे सुख हीच कसोटी धरली असती, तर आज आपण सारे मेजाखाली गुडघे हलवीत बसलो असतो. एंगलबार्टची कसोटी निराळी होती: शिकल्यानंतर माणूस कुठवर पोहोचतो?

१९६८ च्या डिसेंबरची ९ तारीख. सॅन फ्रान्सिस्को येथे गणकयंत्रज्ञांच्या परिषदेत सुमारे हजार श्रोते बसले आहेत. मंचावर एक मनुष्य, कानाला यंत्र, पुढ्यात कळफलक. पाठीमागे भला मोठा पडदा. प्रत्यक्ष गणकयंत्र तेथे नाहीच; ते जवळजवळ पन्नास किलोमीटर दूर मेन्लो पार्कला, आणि मधला दुवा सूक्ष्मलहरींचा. नव्वद मिनिटे तो शांत, किंचित लाजऱ्या आवाजात बोलत राहिला. घरी नेण्याच्या जिनसांची यादी त्याने पडद्यावर लिहिली, तिचे गट पाडले, गट मिटवले आणि उघडले. मग त्याच यादीतून वाटेचा नकाशा काढला. एका शब्दावर टिचकी मारताच दुसरा मजकूर पुढे आला. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात मेन्लो पार्कमधील सहकाऱ्याचा चेहरा दिसू लागला आणि दोघेजण एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करू लागले. छिद्रांकित पत्रे कारकुनाकडे देऊन दुसऱ्या दिवशी उत्तर नेणारी ही मंडळी! सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात.

या दिवसाच्या वर्णनात माउसचा उल्लेख सगळीकडे आढळतो. तो एंगलबार्टच्या उजव्या हातात होता. डाव्या हाताखाली काय होते, हे फार थोडे सांगतात. तेथे पाच कळांची एक लहान पट्टी होती. पेटीवर जसे दोन-तीन सूर एकदम धरावेत तशा त्या कळा एकत्र दाबायच्या. पाच बोटांच्या एकतीस जुळण्या होतात. इंग्रजी अक्षरे त्यांत बसून वर काही उरतात. उजव्या हाताने दाखवावे, डाव्याने लिहावे आणि एकही हात जागेवरून उचलू नये, अशी ती जोडी. पण ती शिकावी लागे. पेटी जशी शिकावी लागते, तशीच.

येथे मार्ग फुटला. मेन्लो पार्कपासून काही मैलांवर पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये संशोधनकेंद्र काढले आणि एंगलबार्टची माणसे हळूहळू तिकडे गेली. खुद्द बिल इंग्लिशही गेला. १९७३ मध्ये तेथे आल्टो हे एका माणसासाठी एक असे यंत्र तयार झाले. तेथील लॅरी टेस्लर याचे मत एंगलबार्टच्या अगदी उलट होते. यंत्राने माणसाला कधी कोड्यात टाकू नये. एकाच कळेचा अर्थ आता एक आणि घटकेने दुसरा, असे होता कामा नये. त्याच्या बाजूचा पुरावा बोलका होता. त्याच केंद्रातील ब्राव्हो या लेखनप्रणालीत कोणी अनवधानाने 'एडिट' हा इंग्रजी शब्द टंकित केला, तर यंत्र पहिल्या 'ई'ने सगळा मजकूर निवडी, 'डी'ने तो पुसून टाकी, 'आय'ने नवा मजकूर घ्यायला सज्ज होई आणि शेवटचे 'टी' तेवढे लिहून ठेवी. दिवसाचे लेखन गेले, एक 'टी' उरला! टेस्लरने बॉस्टनजवळच्या एका पुस्तकप्रकाशन संस्थेतील संपादकांच्या कामाचा अभ्यास करून, टिम मॉट याच्यासह १९७५ च्या सुमारास जिप्सी ही प्रणाली रचली. कात्रीने कापावे आणि खळीने चिकटवावे, ही छापखान्यातील जुनी रीत तिने पडद्यावर आणली.

पुढचा भाग पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. १९७९ च्या डिसेंबरात स्टीव्ह जॉब्झ यांना झेरॉक्सने हे सारे दाखवले, पुढच्याच वर्षी टेस्लर ॲपल कंपनीत गेला आणि १९८४ च्या जानेवारीत मॅकिन्टॉश बाजारात आले. आल्टोच्या माउसला तीन कळा होत्या. ॲपलच्या माउसला एक. डाव्या हाताची पट्टी वाटेतच गळून पडली.

एंगलबार्टला हे रुचले नाही. सुलभता हीच एकमेव कसोटी मानली, तर सगळ्यांनी तीनचाकी सायकलच चालवत राहावे, दुचाकीच्या वाटेला जाऊच नये, असे तो म्हणत असे. दृष्टांत चपखल आहे, पण एकांगीही आहे. दुचाकी शिकवायला गल्लीत मागून धरून पळणारा कोणी लागतो. एंगलबार्टच्या प्रणालीला तसा कोणी नव्हता. त्याची प्रयोगशाळा १९७०च्या दशकाच्या अखेरीस एका व्यापारी कंपनीला विकली गेली. ती कंपनी १९८४ मध्ये विमाने बांधणाऱ्या मॅक्डोनेल डग्लसने घेतली, आणि १९८६ मध्ये तो तेथून निवृत्त झाला. माउसचे पेटंट १९७० साली मिळाले होते, पण ते संस्थेच्या मालकीचे. त्याला त्यातून काही मिळाले नाही. पुढे माउस बनवणाऱ्याच लॉजिटेक कंपनीने त्याला कार्यालयासाठी जागा दिली. १९९७ मध्ये संगणकशास्त्रातील ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २०१३ च्या जुलैत तो वारला. मृत्युलेखांतून बहुधा 'माउसचा जनक' एवढीच ओळख राहिली. बुद्धीची शक्ती वाढवण्याचा संकल्प करणाऱ्याची अशी ओळख राहावी याचे वाईट वाटते.

हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण तोच वाद आपल्या लिपीच्या दारात उभा आहे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी खात्याने 'इन्स्क्रिप्ट' नावाचा कळफलक प्रमाण म्हणून ठरवला. त्याची रचना करणाऱ्यांनी वर्णमाला नीट वाचली होती. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळेवर 'क' तिच्यावरच दाबून 'ख'. 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ'. जोडाक्षर कसे दिसावे याची चिंता माणसाने करायची नाही: 'क', हलन्ताची खूण आणि 'ष' दिले की 'क्ष' काढण्याचे काम यंत्राचे. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेत सुरू झालेले हे भारतीय लिप्यांचे तंत्र १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या 'सी-डॅक'ने वाढवले. लिपी न वाकवता यंत्र वाकवले ते येथे. मात्र माणसालाही थोडे शिकावे लागते, कारण हा कळफलक हाताला वळण मागतो.

पण आपण बहुतेक जण लिहितो कसे? रोमन अक्षरांत. 'मुंबई' लिहायचे तर एम्, यू, एम् असे सुरू करायचे, मग यंत्र चार पर्याय दाखवते आणि आपण पहिल्यावर बोट ठेवतो. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न', 'की' आणि 'कि' यांतला भेद रोमन अक्षरात मुळात नाहीच. तो यंत्राच्या अंदाजावर सोडलेला. ही तीनचाकी सायकल आहे, आणि तिने फार मोठे काम केले हे कबूल करायलाच हवे. ज्या आजीबाईंनी टंकलेखनाचा वर्ग कधी पाहिला नाही त्या आज शिकागोतल्या नातवाला मराठीत निरोप धाडतात; इन्स्क्रिप्टच्या तक्त्यापुढे त्या बसल्या असत्या असे मला वाटत नाही. परंतु एंगलबार्टची वीट येथे आठवते. इंग्रजी अक्षरांच्या वाटेने आलेली मराठी ही परक्या पेन्सिलीने लिहिलेली मराठी आहे. ज्या तरुणाला इंग्रजी अक्षरांशिवाय मराठी शब्द उमटवताच येत नाही, त्याला यंत्राने पुढे केलेल्या शब्दाला 'हा नव्हे' असे म्हणायला हातात काय उरते?

मधला मार्ग शोधणारेही आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भ्रमणध्वनीसाठी 'स्वरचक्र' तयार केले. 'क'वर बोट ठेवताच त्याच्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चक्राकार उमलते आणि बोट हव्या त्या बाजूला सरकवायचे. पाटीवर जे शिकलो तेच येथे उपयोगी पडते. नवे शिक्षण थोडे, आणि जे आहे ते आपल्याच लिपीचे. वादात दोन्ही बाजूंना न्याय देणारी अशी युक्ती मला अधिक मोलाची वाटते. इन्स्क्रिप्टवर हात बसवणाऱ्याचा वेग तिला येणार नाही हे खरे, पण भ्रमणध्वनीवर कादंबरी लिहायला कोण बसतो?

आता यंत्राशी नुसते बोलावे आणि त्याने मराठीत लिहून घ्यावे, इथवर मजल गेली आहे. २०२२ च्या अखेरीपासून तर प्रश्नाला सबंध परिच्छेदाने उत्तर देणारी यंत्रे लोकांच्या हाती आली. शिकण्याचा सगळा भार यंत्राकडे गेला. माणसाने फक्त तोंड उघडायचे. लिक्लायडरची ८५ टक्के कारकुनी यात खरोखरच वाचेल. वाचलेला वेळ विचाराला जाईल की नाही, हे त्याच्या टिपणांवरून सांगता येत नाही. त्यासाठी कोणीतरी पुन्हा एकदा वही घेऊन स्वतःवर नजर ठेवून बसायला हवे. आणि यंत्राने ऐकून लिहिलेली वेलांटी ऱ्हस्व हवी होती की दीर्घ, हे पाहण्यापुरती तरी लिपी हाताखालून गेलेली असावी लागते. इन्स्क्रिप्टचा कळफलक विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींत विनामूल्य असतो. तो विकत आणावा लागत नाही, केवळ मांडणीत जाऊन चालू करावा लागतो.